वीस तारखेनंतरचं एम.कॉम. : टॅक्सच्या ऑफिसात पूर्णवेळ नोकरी करत पदव्युत्तर पदवी कशी काढायची

आमच्या ऑफिसात महिन्याचे दोनच भाग असतात: वीस तारखेआधीचा आणि वीस तारखेनंतरचा. सातला टीडीएसचा (कापून घेतलेल्या कराचा) भरणा, अकराला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), चौदाला २बी (खरेदीवरच्या जीएसटीचा तक्ता) दिसायला लागतं, पंधराला कामगारांचा पीएफ-ईएसआयसी आणि वीसला ३बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न). एकवीसला सकाळी सगळे माणसासारखे बसून चहा पितात. मी एम.कॉम. केलं ते या एकवीस ते सहा तारखांच्या फटीत. इचलकरंजीतल्या एका सीएंच्या ऑफिसात मी अकाउंट्स बघते. वेळ साडेनऊ ते साडेसात, आणि ऑडिटच्या दिवसांत घड्याळाकडे बघायचंच नाही.

ऑफिसात नव्याने येणारी पोरं आता मला विचारतात, "मॅडम, नोकरी करत एम.कॉम. होतं का?" होतं. पण त्यांच्या डोक्यात एक हिशोब पक्का असतो की दिवसभर तेच काम करतो, म्हणजे अभ्यास आपोआप झालाच. तिथेच गाडी घसरते. नोकरीतला काही वेळ पदवीच्या खात्यातही जमा होतो, हे खरं. मात्र कोणता होतो आणि कोणता अजिबात होत नाही, हे प्रवेश घेण्याआधी वेगळं काढून ठेवावं लागतं.

कागद कशासाठी हवाय?

याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. पुढे कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट लागते आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ५० टक्के. म्हणजे तुमच्यासाठी नुसतं पास होणं बिनकामाचं, ५३ टक्क्यांवर थांबलात तर दोन वर्षं पाण्यात. मोठ्या कंपनीच्या फायनान्स विभागात जायचं असेल तर पदवी चाळणीतून पुढे जाण्यापुरती लागते, तिथे प्रोजेक्ट आणि अनुभव जास्त बोलतो. आणि आहे त्याच ऑफिसात पगार वाढेल म्हणून करत असाल, तर आधी साहेबांना विचारून घ्या. लहान ऑफिसात एम.कॉम. झालं म्हणून पगार वाढल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. टॅलीसोबत नोटिसांची उत्तरं लिहिता यायला लागली की वाढतो.

सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीए होताना करायची उमेदवारी, चालू असणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. आयसीएआयच्या (सीएंच्या संस्थेच्या) परवानगीशिवाय दुसरा कोर्स चालत नाही, त्यासाठी फॉर्म ११२ असतो. तो भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रवेश: नुसतं नाव घालू नका

आपल्याकडे एक पद्धत सर्रास चालते. रेग्युलर कॉलेजला नाव घालायचं, हजेरी 'बघून घेतो' म्हणणारा कोणीतरी शोधायचा आणि परीक्षेलाच तोंड दाखवायचं. माझ्याही ओळखीत हे झालंय. त्या मुलीला पुढे एका कंपनीने कागदपत्रांच्या पडताळणीत विचारलं की या दोन वर्षांत तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी होता की पूर्णवेळ कर्मचारी? मार्कलिस्ट एक सांगत होती, पीएफचं पासबुक दुसरंच. यूएएनवर, म्हणजे पीएफच्या क्रमांकावर, महिन्यामहिन्याची नोंद असते, ती खोडता येत नाही. अनुभवाचं पत्र खरं ठरवावं तर हजेरी खोटी, हजेरी खरी ठरवावी तर अनुभव खोटा.

तेव्हा सरळ मार्ग धरा. काही कॉलेजांत एम.कॉम.चे वर्ग सकाळच्या सत्रात भरतात आणि ऑफिसच्या वेळेआधी संपतात. असं कॉलेज घराजवळ असेल आणि रोज पहाटे उठायची तयारी असेल तर रेग्युलरही प्रामाणिकपणे होतं. नाहीतर दूरस्थ किंवा ऑनलाइन. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे, मुंबई, पुणे आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांची दूरशिक्षणाची केंद्रं आहेत. "दूरस्थ पदवीला किंमत नाही" असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार, मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मात्र 'मान्यता असलेल्या' हे शब्द काकांइतक्याच गांभीर्याने घ्या. यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि सत्र अशा तिन्ही गोष्टी जुळतात का ते बघा. विद्यापीठाला मान्यता आहे पण त्याच कोर्सला त्या सत्रात नाही, असंही असू शकतं.

२०२४ पासून अशा प्रवेशाला डेब आयडी (याच ब्युरोचा विद्यार्थी क्रमांक) लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी (तुमची क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक). दोन्ही मोबाइलवर होतात, पण आधार आणि दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव वेगळं असेल तर आठवडा त्यातच जातो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे काम सगळ्यात आधी उरकावं.

एक जाता जाता: इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर यांसारखे विषय दूरस्थ पद्धतीने चालत नाहीत. इंजिनिअर मंडळींसाठी बिट्स पिलानीचा नोकरीशी जोडलेला प्रकार १९७९ पासून आहे, त्यात कंपनीची संमती आणि कामावरचा एक मेंटॉर लागतो. त्यांचं गणित आमच्यापेक्षा निराळं, म्हणून इथे एवढंच.

दोन कॅलेंडरं एकावर एक ठेवा

सगळ्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा आणि दोन रंगांचे पेन घ्या. लाल पेनाने ऑफिसच्या तारखा: महिन्याच्या वर सांगितल्या त्या, मग ॲडव्हान्स टॅक्सच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च; टीडीएस रिटर्नच्या ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, ३१ मे; पगारदारांची रिटर्न्स ३१ जुलै; टॅक्स ऑडिट रिपोर्ट ३० सप्टेंबर, ऑडिटवाल्यांची रिटर्न्स ३१ ऑक्टोबर; जीएसटीची वार्षिक रिटर्न्स ३१ डिसेंबर. मुदतवाढ धरून चालू नका. मिळाली तर ती अभ्यासाच्या दिवसांतूनच कापली जाते, हे अनुभवाने सांगते.

आता निळ्या पेनाने विद्यापीठ. सेमिस्टर पद्धतीत हिवाळी परीक्षा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि उन्हाळी एप्रिल ते जूनमध्ये कुठेतरी पडते. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात.

लाल-निळं एकत्र बघितलं की चित्र स्पष्ट दिसतं. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे आमच्या धंद्यातले सर्वांत वाईट महिने, आणि हिवाळी परीक्षेची तयारी नेमकी तेव्हाच करायची असते. पहिल्या सेमिस्टरला मी "ऑडिट संपलं की बसते" असं म्हटलं. ऑडिट संपलं, दिवाळी आली, पाहुणे आले आणि वेळापत्रक लागलं. रिसर्च मेथडॉलॉजीला जेमतेम काठावर वाचले.

तिसऱ्या सेमिस्टरला धडा घेतला होता. ऑगस्ट संपायच्या आत चारही विषयांचं पहिलं वाचन पुरं. ऑगस्टमध्ये रिटर्न्सची गर्दी ओसरलेली असते, ऑडिट अजून पेटलेलं नसतं, आणि क्लायंटही सणांच्या मूडमध्ये असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवं पान उघडायचं नाही, रोज अर्धा तास फक्त आधीच्या टिपणांवर. दिवाळीच्या सुट्टीत जुने पेपर. उन्हाळी सेमिस्टर त्यामानाने सोपं जातं. जानेवारीत वार्षिक रिटर्न्सचा भार उतरलेला असतो, आणि एप्रिल तर सोन्यासारखा: वर्ष संपलेलं, पण बॅलन्सशीट मागायला अजून कोणी आलेलं नसतं.

तुमचं ऑफिस वेगळं असेल तर लाल तारखा वेगळ्या असतील. बँकेत मार्चअखेर आणि तिमाही, साखर कारखान्यात गाळप हंगाम, शाळेत दहावी-बारावीच्या परीक्षा. पेन तेच दोन.

साहेबांशी बोलणं

'अभ्यासाला थोडी सवलत मिळेल का' असं कधीच विचारू नका. थोडी म्हणजे किती हे त्यांना कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीला माणूस नाही म्हणतो. शिवाय सप्टेंबरमध्ये हा विषयच काढायचा नाही. मी पहिल्या खेपेला वेळापत्रक लागल्याच्या दिवशी कागद घेऊनच केबिनमध्ये गेले.

"सर, डिसेंबरात चार पेपर आहेत. १०, १२, १६ आणि १८ला. दुपारचे आहेत, बाराला निघावं लागेल."

"वीसच्या तोंडावर?"

"माझे अठ्ठावीस ३बी आहेत. बावीस जणांचे मी पंधरापर्यंत करून ठेवते. सहा जण बिलं कायम उशिरा देतात, त्यांची यादी ही. त्यांना आजच फोन करून सांगितलंय. तरी राहिले तर एकोणीसला थांबून करते."

सरांनी यादी बघितली, एका नावावर बोट ठेवलं आणि हसले. "हा तर वीसला रात्री देतो. याचं माझ्याकडे सोड. बाकी ठीक आहे, पण व्हॉट्सअॅपवर लिहून टाक. नंतर मी विसरलो म्हणायला नको."

यात मागणी आहे, पण त्याआधी त्यांच्या अडचणीचं उत्तर आहे. आणि शेवटचा त्यांचाच सल्ला सोन्याचा: लिहून टाका. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधीच रीतसर लेखी परवानगी घ्या. नंतर सर्व्हिस बुकात पदवीची नोंद करताना तो कागद मागतात.

तासांचा हिशोब

राज्यातल्या विद्यापीठांचा नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दोन वर्षांचा एम.कॉम.चा आराखडा ८८ क्रेडिटचा आहे, दर सेमिस्टरला २२. एका क्रेडिटला सगळं धरून ३० तास मानले तर २,६४० तास होतात. दोन वर्षांचे १०४ आठवडे, म्हणजे आठवड्याला पंचवीस तास. हा आकडा बघून घाबरू नका, कारण यातलेच काही तास ऑफिसच देतं. दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी) किंवा फील्ड प्रोजेक्ट असतं, म्हणजे १२० तास. तिसऱ्याला चार आणि चौथ्याला सहा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. एकूण १४ क्रेडिट, ४२० तास. तुमची नोकरी विषयाशी जुळणारी असेल तर यातलं बरंचसं कामाच्या टेबलावरूनच निघतं. दूरस्थ कोर्सला तपशील थोडे वेगळे असू शकतात, माहितीपुस्तिकेत तेवढं पान बघून घ्या.

उरलेल्यांतून प्रत्यक्षात मला आठवड्याला दहा-बारा तास पुरले. सकाळी साडेपाच ते सात, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी सकाळी तीन तास. रात्री अभ्यास करायचा मी दोन महिने प्रयत्न केला, पण दिवसभर एक्सेलच्या रकान्यांकडे बघून आल्यावर पुस्तकातली अक्षरंही रकान्यांत बसायला लागतात. रात्री फक्त व्हिडिओ, तोही जेवण गरम करताना. घरच्यांशी एक व्यवहार ठरवून टाका: रविवारचे तीन तास माझे, त्यात दार वाजवायचं नाही. आईला हे पटायला पहिलं सेमिस्टर लागलं.

'मला येतंच' वाले विषय

माझे सर्वांत कमी मार्क कोणत्या विषयाला होते सांगू? टॅक्सेशन. स्टॅटिस्टिक्सला भीतीने अभ्यास केला, तिथे तरले. टॅक्सला वाटलं, रोज तेच तर करतो.

ऑफिसात आपण पोर्टलवर काम करतो. रकमा भरल्या की कर पोर्टल काढून देतं. परीक्षेत मात्र तरतूद लिहायची, तिचं कारण लिहायचं, गणना पायरीपायरीने मांडायची आणि वर्किंग नोट्स द्यायच्या. मी थेट उत्तर काढून मोकळी झाले, कारण साहेबांना तेवढंच लागतं. परीक्षकाला नव्हे. दुसरी गोष्ट, अभ्यासक्रमातला कायदा आणि टेबलावरचा कायदा एकच असेल असं नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला. 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं, कलमांचे क्रमांक बदलले. पुस्तक जुन्या कायद्याचं आणि तुम्ही रोज हाताळता नवा, असं होऊ शकतं. प्रश्नपत्रिका कोणत्या वर्षाच्या तरतुदींवर आहे हे अभ्यासक्रमात शोधून पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणि हात! चार वर्षं कीबोर्डवर काढल्यानंतर तीन तास पेनाने लिहायचं. पहिल्या पेपरला दीड तासात माझा अंगठा आखडला, शेवटचे दोन प्रश्न कोंबडीच्या पायांनी लिहिल्यासारखे झाले. परीक्षेच्या महिनाभर आधीपासून दर रविवारी एक जुना पेपर घड्याळ लावून हाताने लिहा, साध्या कॅल्क्युलेटरवर. एक्सेलमध्ये बेरीज करायची सवय लागलेल्याला कॅल्क्युलेटरवर बारा आकडे मिळवताना किती चुका होतात, ते पहिल्याच रविवारी कळेल.

उलट रिसर्च मेथडॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स आणि व्यवस्थापकीय अर्थशास्त्र नोकरी शिकवत नाही. सकाळचे ताजे तास या विषयांना द्या.

ओजेटी आणि प्रकल्प: इथे दोन्हीकडे जमा होतं

ओजेटीसाठी कॉलेजला दोन कागद लागतात: ऑफिसचं संमतीपत्र आणि शेवटी तासांचं प्रमाणपत्र. नोकरीच्या ठिकाणीच ओजेटी चालेल का, हे मार्गदर्शकांकडून सुरुवातीलाच लेखी घ्या. काही जण मान्य करतात, काही म्हणतात नेहमीचं काम नको, वेगळं शिकायला हवं. मग साहेबांना एखादं न केलेलं काम मागा. मी तोवर जीएसटीच बघत होते, म्हणून १२० तास एका ऑडिटवर बसले. रोजनिशी त्याच संध्याकाळी चार ओळींची लिहा. महिन्याने आठवून लिहिलेली रोजनिशी वाचताक्षणी ओळखू येते.

प्रकल्पाचा विषय फोनवरून निवडा. म्हणजे असं: क्लायंट सहा महिने कोणत्या एका गोष्टीसाठी सारखे फोन करताहेत? आमच्याकडे मार्च २०२४ मध्ये फोन थांबत नव्हते. तेव्हाच्या कायद्यातलं कलम ४३बी(एच) त्या वर्षीपासून लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून (सरकारच्या 'उद्यम' नोंदणीत तसं प्रमाणपत्र असलेल्याकडून) माल घेतला की लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. चुकलात आणि वर्षअखेरीला रक्कम बाकी राहिली, तर ती त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरायची. सूत आणि कापडाच्या बाजारात उधारी तीन-तीन महिने चालते, म्हणून गावभर गडबड. माझा विषय तिथेच ठरला.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी प्रश्नावली चाळून विचारलं, "यात सूत व्यापारीसुद्धा धरलेत का?"

"पुरवठादार म्हणून नाही, सर. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती असते, त्यांना या कलमाचा फायदा नाही. म्हणून पहिलाच प्रश्न ठेवलाय की प्रमाणपत्रावर मॅन्युफॅक्चरिंग लिहिलंय की ट्रेडिंग."

त्यांनी पान मिटलं. हे पुस्तकात वाचून सुचलं नसतं. ते प्रमाणपत्र मी शेकडो वेळा उघडून बघितलं होतं म्हणून सुचलं.

पण एक पथ्य कडक पाळा. क्लायंटचा डेटा तुमचा नाही. टॅलीतून लेजर काढून प्रकल्पाला जोडायचं, नाव खोडलं की झालं असं समजायचं, हे चालणार नाही. लहान गावात उलाढाल आणि मालाचा प्रकार वाचून माणूस ओळखतात. मी साहेबांची लेखी परवानगी घेतली आणि माहिती प्रश्नावलीतून, प्रत्येकाला विचारून गोळा केली. जीएसटी क्रमांक, नाव, नेमकी रक्कम यातलं काहीही अहवालात नाही.

शेवटची तारीख

असाइनमेंट शेवटच्या दिवशी अपलोड करणारे लोक आमच्याच धंद्यातले असावेत याचं मला नवल वाटतं. वीस तारखेला रात्री पोर्टल कसं चालतं हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? इग्नूच्या एम.कॉम.ला ३० टक्के भार असाइनमेंटवर असतो. चार दिवस आधी द्या, पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेवा.

फी सहसा आपल्याच खिशातून जाते. ऑफिस भरायला तयार असेल तर त्याबदल्यात किती वर्षं थांबायचं, आणि आधी सोडलं तर किती परत करायचे, ते लिहून घ्या. आणि शिकवणी फीची वजावट (जुन्या कायद्यातलं ८०सी) मुलांच्या फीला मिळते, स्वतःच्या नाही. हे मी टॅक्सच्या ऑफिसात बसून स्वतःच्याच रिटर्नमध्ये चुकवणार होते.

झेपलं नाही तर

बाळंतपण, आजारपण, नोकरी बदलणं, काहीही होतं. पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलात तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, आणि एबीसी खात्यात जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात. म्हणून अर्ध्या सेमिस्टरला सोडण्यापेक्षा वर्ष संपवून थांबा. एखादा विषय राहिला तर तो उन्हाळी सत्रात काढा, ऑक्टोबरच्या ऑडिटवर ढकलू नका. इग्नूचं एम.कॉम. दोन वर्षांचं असलं तरी चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतं, त्यामुळे तिथे मुळातच वर्षाला थोडे थोडे विषय घेणाऱ्यांची सोय आहे.

निकाल लागला की बहुतेक जण मार्कलिस्टचा फोटो स्टेटसला ठेवतात आणि विसरतात. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्त समारंभाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची फीही वेगळी. माझ्या अर्जाची शेवटची तारीख वीसच होती. मी अठराला भरला.